सामाजिक संरचना वाचायची कशी? पाठांतराआधी एक वही आणि एक जागा

समाजशास्त्र नव्याने शिकणाऱ्याला ‘सामाजिक संरचनेचे मूलभूत घटक’ हा धडा फार लवकर गाठतो. दर्जा, भूमिका, प्रमाणके, मूल्ये, समूह, संस्था असे सहा शब्द आणि प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या पाठ होते, पेपरही सुटतो. मग तोच विद्यार्थी एखाद्या कचेरीत तासभर उभा राहिला, तर यातलं एकही त्याला दिसत नाही. दिसतात ती माणसं: कोणी खेकसतंय, कोणी फाइल शोधतंय, कोणी जांभई देतंय.

शिकवताना मला उलटा क्रम जास्त फळला आहे. आधी एक जागा निवडायची, आठवडाभर वहीत नोंदी करायच्या आणि व्याख्या लागेल तशी शेजारी लिहीत जायची. हा लेख त्याच क्रमाने जातो. एक इशारा आधीच देतो. या विषयातले निम्मे शब्द आपण रोज बोलतो, पण वेगळ्या अर्थाने. दर्जा, भूमिका, मूल्य, संस्था हे चारही शब्द घरचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. जिथे ते फसवतात तिथे थांबून सांगेन.

जागा निवडा

जिथे बसायला तुमच्याकडे साधं, खरं कारण आहे अशी जागा घ्या. तिथे काही माणसं रोज तीच असावीत, काही येणारी-जाणारी असावीत आणि किमान तीन वेगळ्या प्रकारची माणसं एकमेकांशी काम करत असावीत. ग्रंथालय, शाळेची शिक्षक-खोली, एखादं कार्यालय, व्यायामशाळा, काहीही चालेल. स्वतःचं घर पहिल्याच वेळी घेऊ नका. तिथे सगळंच इतकं ‘साहजिक’ असतं की नोंदवण्यासारखं काही सापडत नाही. रस्त्यावरची गर्दीही नको, कारण तिच्यात संरचना फार थोडी असते.

माझी जागा मी निवडली नव्हती. एका नातेवाइकासोबत रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात नऊ रात्री बसावं लागलं. झोप येत नव्हती आणि वही जवळ होती. पुढची बहुतेक उदाहरणं त्या वहीतली आहेत. आजारांचे तपशील मी लिहिले नव्हते, तुम्हीही लिहू नका. दुसऱ्याचं दुखणं हा आपल्या अभ्यासाचा माल नव्हे.

पहिली पायरी: नावं खोडा

पहिल्या दिवशी जे दिसेल ते नावानिशी, गोष्ट सांगितल्यासारखं लिहा. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन प्रत्येक नाव खोडा आणि त्या जागी त्या माणसाचं ‘स्थान’ लिहा: सिस्टर, निवासी डॉक्टर, पेशंट, पेशंटचा मुलगा, सफाईवाल्या बाई. मग वाक्यं पुन्हा वाचा. काही वाक्यं जशीच्या तशी उभी राहतात, काही कोसळतात.

माझ्या वहीतली दोन वाक्यं अशी. ‘रात्रपाळीच्या सिस्टर आल्या की दिवसपाळीच्या सिस्टर त्यांना एकेका खाटेपाशी नेऊन पेशंटची हकिकत सांगतात आणि मगच बाहेर पडतात.’ नावं गेली, वाक्य शाबूत. दुसरं: ‘अमुक सिस्टर आल्या की वॉर्ड हसायला लागतो.’ इथे नाव काढलं की हातात काहीच उरत नाही. पहिलं वाक्य संरचनेचं आणि दुसरं स्वभावाचं. दुसरं खोटं नाही, क्षुल्लकही नाही. फक्त ते आपल्या विषयाचं नाही.

नऊ रात्रींत तीन वेगवेगळ्या सिस्टरांनी तो निरोप-समारंभ केला. माणसं बदलली, क्रम बदलला नाही. सामाजिक संरचना म्हणजे ढोबळमानाने हेच. माणसं येतात-जातात, पण त्यांच्या स्थानांमधले संबंध बऱ्यापैकी टिकून राहतात. त्या टिकाऊ मांडणीला हे नाव आहे.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली सामाजिक संरचनेवरच्या व्याख्यानात यातला बारीक भेद दाखवला होता. प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या संबंधांचं जाळं म्हणजे संरचना, असं ते म्हणत. ते जाळं रोज थोडं बदलतं, कारण जन्म, मृत्यू, बदल्या चालूच असतात. त्या जाळ्याचं ‘संरचनात्मक रूप’ मात्र खूप सावकाश बदलतं. लाल पेनाने आपण खरं तर हे रूपच शोधत असतो.

आणि हे सगळं कल्पनेचे खेळ आहेत असं वाटलं, तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचं १८९७ सालचं आत्महत्येवरचं काम आठवावं. इतकी खासगी वाटणारी कृती, तरी तिचं प्रमाण एकेका समाजात वर्षानुवर्षं जवळपास स्थिर राहतं आणि समाज बदलला की वेगळं असतं, हे त्यांनी आकडेवारीतून मांडलं. दर वर्षीची माणसं वेगळी, पण दर तोच. मग तो दर कुणाचा? एकेकट्या माणसाचा नक्कीच नव्हे.

दुसरी पायरी: स्थानांची यादी, म्हणजेच दर्जा

आता खोडलेल्या नावांच्या जागी आलेले शब्द एका पानावर उतरवा. ही तुमच्या जागेतल्या दर्जांची यादी.

इथे पहिला फसवा शब्द येतो. बोलताना ‘दर्जा’ म्हणजे गुणवत्ता: दर्जेदार कापड, दर्जा घसरला. समाजशास्त्रात दर्जा म्हणजे सामाजिक मांडणीतलं एक स्थान, बस. ‘रुग्ण’ हा दर्जा आहे, ‘धाकटी बहीण’ हा दर्जा आहे, ‘रांगेतला चौथा माणूस’ हासुद्धा तात्पुरता दर्जा आहे. त्यात उच्च-नीच असेलच असं नाही. असेल तर ते वेगळं तपासायचं, आणि ते आपण पुढे करणार आहोत.

यादीतल्या प्रत्येक दर्जापुढे एक खूण करा: हा मिळाला की मिळवला? राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये केलेला हा भेद आजही पहिल्या तासाला शिकवतात. जन्माने किंवा वयाने आपोआप येतो तो अर्पित दर्जा, उदाहरणार्थ मुलगी, म्हातारा, थोरला भाऊ. प्रयत्नाने येतो तो अर्जित दर्जा, उदाहरणार्थ परिचारिका, पदवीधर, पंच. खुणा करताना हात अडखळेल आणि तो अडखळू द्या. ‘रुग्ण’ कुठे घालणार? ‘सून’ किंवा ‘जावई’? लग्न आपण केलं, पण त्यासोबत आलेली नाती आपण निवडली का? भेद कागदावर स्वच्छ असतो, माणसांत तो मिसळलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या रात्री एक तरुण निवासी डॉक्टर राउंडला आली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशाला नावाची पट्टी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा उठून म्हणाला, “सिस्टर, जरा सलाइन बघता का?” तिने सलाइन पाहिलं, थेंबांचा वेग कमी केला आणि शांतपणे म्हणाली, “मी डॉक्टर आहे.” तो ओशाळला. दहा मिनिटांनी मागून आलेल्या, कोटही न घातलेल्या पुरुष सहायकाला त्याने “डॉक्टरसाहेब” म्हटलं.

त्या मुलाला वाईट म्हणून उपयोग नाही, तो बिचारा रात्रभर जागा होता. इथे घडलं ते असं की ‘स्त्री’ हा अर्पित दर्जा ‘डॉक्टर’ या अर्जित दर्जाच्या पुढे उभा राहिला आणि त्याने तो झाकून टाकला. एव्हरेट ह्यूझ यांनी १९४५ च्या एका लेखात नेमकी हीच कोंडी मांडली. एखाद्या स्थानासोबत लोकांच्या मनात काही बिनकामाची लक्षणंही चिकटलेली असतात. डॉक्टर म्हटलं की पुरुष, ही त्यातलीच एक. जो दर्जा बाकी सगळ्यांवर मात करून आधी दिसतो, त्याला प्रधान दर्जा म्हणतात. तुमच्या जागेत असा झाकाझाकीचा एक तरी प्रसंग शोधा. तो सापडला की ‘दर्जा’ ही कल्पना कायमची समजली म्हणून समजा.

तिसरी पायरी: त्या स्थानावरून काय केलं जातं? भूमिका

दुसरा फसवा शब्द. वर्तमानपत्रात पक्ष ‘भूमिका मांडतो’, म्हणजे मत मांडतो. आपल्याला तो अर्थ नको. नाटकातला अर्थ जवळचा आहे. लिंटन यांच्या मांडणीत दर्जा म्हणजे हक्क आणि कर्तव्यांचं गाठोडं आणि ते गाठोडं वापरात आणणं म्हणजे भूमिका. दर्जा आपण धारण करतो, भूमिका पार पाडतो.

वहीत प्रत्येक दर्जापुढे दोन रकाने करा: ‘याच्याकडून काय अपेक्षित आहे’ आणि ‘याला काय मागता येतं’. नवखे लोक पहिला रकाना भरभरून लिहितात आणि दुसरा कोरा ठेवतात. मग रुग्ण म्हणजे नुसता पडून असलेला माणूस वाटतो. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारपण हीच एक भूमिका म्हणून मांडली आणि तिचे दोन्ही रकाने भरले. आजाऱ्याला रोजच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते आणि आजारी पडल्याबद्दल त्याला दोष दिला जात नाही. बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि जाणकाराची मदत घेऊन त्याला सहकार्य करायचं. औषध चुकवणाऱ्या पेशंटवर घरचे का चिडतात, हे यातून चटकन कळतं. तो सवलती घेतोय आणि त्यांची फेड करत नाहीये. दीर्घकाळ चालणाऱ्या, बरं न होणाऱ्या आजारांना ही मांडणी नीट बसत नाही, ही टीकाही तितकीच रास्त आहे.

आता एका दर्जाच्या भोवती वर्तुळ काढा आणि त्याला कुणाकुणाशी वागावं लागतं त्या रेषा काढा. रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ मध्ये याला भूमिका-संच म्हटलं. एकाच दर्जाला एक नव्हे तर भूमिकांचा संच चिकटलेला असतो. सिस्टरच्या वर्तुळातून माझ्या पानावर आठ रेषा निघाल्या: निवासी डॉक्टर, मोठे डॉक्टर, मुख्य परिचारिका, बरोबरीच्या सिस्टर, पेशंट, नातेवाईक, औषध-भांडार, सफाई कर्मचारी. प्रत्येक रेषेवरचा आवाज वेगळा. मोठ्या डॉक्टरांसमोर जी सिस्टर एका शब्दात उत्तर देते, तीच दोन मिनिटांनी नातेवाइकाला दटावते आणि पुढच्या खाटेवर लहान पोराला गोंजारते. तिला दुटप्पी म्हणू नका. संच एक आहे, रेषा आठ आहेत.

रेषा एकमेकींना ओढतात तिथे पेन्सिलने ठळक करा. रात्री दोन वाजता एक पेशंट कण्हत होता. नातेवाईक म्हणत होता, अजून एक इंजेक्शन द्या. कागदावर डॉक्टरांनी लिहिलेली वेळ चारची होती. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, फोन उचलत नव्हते. सिस्टरने सूचना मोडली तर ती चुकते, नाही मोडली तर निर्दय दिसते. एकाच भूमिकेच्या आतल्या अशा ओढाताणीला भूमिका-ताण म्हणतात. विल्यम गुड यांनी १९६० मध्ये याची नीट मांडणी केली. त्याच वेळी तिच्या मोबाइलवर घरून फोन आला असता की पोराला ताप आहे, तर ताण दोन वेगळ्या भूमिकांमधला झाला असता: परिचारिका आणि आई. तो भूमिका-संघर्ष. परीक्षेत या दोघांची अदलाबदल फार होते. एक दर्जा की दोन, एवढं विचारलं की गोंधळ संपतो.

तिने काय केलं? उशी बदलली, पेशंटची कूस वळवली, नातेवाइकाला पाणी आणायला पिटाळलं आणि पुन्हा फोन लावला. ताणाखालची माणसं अशा पळवाटा काढतात, आणि त्याही पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जातात. वहीत त्या जरूर लिहा.

चौथी पायरी: नियम दिसत नाहीत, मोडलेले दिसतात

प्रमाणके म्हणजे कसं वागावं याच्या सामायिक अपेक्षा. काही पुस्तकांत यांनाच नियमने किंवा मानदंड म्हटलेलं आढळेल, वस्तू तीच. ती शोधायची युक्ती सोपी आहे. कुणीतरी चुकेल याची वाट पाहा आणि चुकल्यावर इतरांच्या चेहऱ्याकडे पाहा.

वॉर्डाच्या टोकाला टेबल होतं आणि टेबलामागे एक साधी प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची सिस्टरांची आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. नातेवाईक जमिनीवर, पिशव्यांवर, खाटेच्या कडेवर टेकत, पण त्या रिकाम्या खुर्चीकडे कुणी जात नसे. पाचव्या रात्री नवीन आलेला एक जण सरळ जाऊन तिच्यावर बसला. कुणी काही बोललं नाही. आजूबाजूच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, एक बाई उगाचच खाकरली. अर्ध्या मिनिटात तो आपोआप उठला. वरिष्ठ नाही, शिक्षा नाही, पाटी नाही, तरी नियमाचा अंमल झाला. नऊ रात्रींतली माझी सर्वांत आवडती नोंद हीच.

याउलट भिंतीवर मोठी पाटी होती, भेटण्याची वेळ चार ते सहा. प्रत्यक्षात माणसं रात्री राउंड सुरू होईपर्यंत थांबत आणि कुणाला त्यात गैर वाटत नसे. म्हणून वहीत दोन याद्या हव्यात: लिहिलेले नियम आणि पाळलेले नियम. त्या दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे प्रकल्पाचा खरा मजकूर असतो.

नियमांचं वजन सारखं नसतं. विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी १९०६ मध्ये लोकरीती आणि लोकनीती असा फरक केला. लोकरीत मोडली की लोक नाक मुरडतात. लोकनीती मोडली की संतापतात, कारण तिथे समाजाच्या भल्याचा प्रश्न आहे असं त्यांना वाटतं. खुर्चीवर बसणं पहिल्या खात्यात, असहाय पेशंटच्या उशाखालचे पैसे उचलणं दुसऱ्यात. त्याच्याही पुढे कायदा, ज्याच्या अंमलासाठी वेगळी यंत्रणा नेमलेली असते. कोणता नियम कुठल्या खात्यातला, हे नियमाच्या शब्दांवरून ओळखू नका. मोडल्यावर काय झालं त्यावरून ओळखा.

हॅरॉल्ड गार्फिंकल विद्यार्थ्यांना मुद्दाम असे नियम मोडायला सांगत. घरी जाऊन पाहुण्यासारखं वागा, अदबीने बोला, विचारल्याशिवाय काही घेऊ नका. घरचे गोंधळले, चिडले, ‘बरं वाटत नाही का’ विचारू लागले. प्रयोग वाचायला मजेदार आहे. तुमच्या निवडलेल्या जागेत तो करू नका, विशेषतः ती रुग्णालय असेल तर. वाट पाहा, चुकणारं कुणीतरी येतंच.

पाचवी पायरी: ‘का?’ तीनदा विचारा

‘मूल्य’ म्हणजे किंमत, हा रोजचा अर्थ बाजूला ठेवा. इथे मूल्य म्हणजे काय चांगलं, काय इष्ट, याबद्दलची सामायिक धारणा. प्रमाणक सांगतं कसं वागायचं. मूल्य सांगतं कशासाठी.

एक प्रमाणक घ्या आणि ‘का?’ विचारत जा. रात्री दिवे मंद का करतात? पेशंटला झोप लागावी म्हणून. झोप का लागावी? लवकर बरं वाटावं म्हणून. बरं का व्हावं? इथे समोरचा तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहतो. ज्या ‘का’ला उत्तर न येता नुसती नजर येते, तिथे तुम्ही मूल्यापाशी पोचलात.

या टप्प्यावर पाठ्यपुस्तकातली यादीही सुसंगत वाटू लागते. हॅरी जॉन्सन यांनी १९६० च्या आपल्या परिचय-ग्रंथात संरचनेचे घटक चार सांगितले: विविध प्रकारचे उपसमूह, विविध प्रकारच्या भूमिका, त्यांचं नियमन करणारी प्रमाणके आणि सांस्कृतिक मूल्ये. आपण भूमिकांपासून मूल्यांपर्यंत आलो, उपसमूह बाकी आहेत. इतर लेखक संस्था किंवा स्तरीकरण, म्हणजे समाजातली उच्च-नीच उतरंड, जोडतात. कोणाची यादी ‘बरोबर’ यावर वेळ घालवू नका. घराचे भाग मोजताना कोणी खोल्या मोजतो, कोणी भिंती.

मूल्यांबद्दल एक गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. समाज ध्येयं सगळ्यांपुढे ठेवतो, पण तिथे जाण्याच्या मान्य वाटा सगळ्यांना सारख्या खुल्या नसतात. मर्टन यांनी १९३८ मध्ये या विसंगतीला माणसं पाच तऱ्हांनी तोंड देतात असं मांडलं. परीक्षेचं घ्या. ध्येय आणि वाट दोन्ही मानून अभ्यास करणारा अनुरूप वागतो. गुण हवेत पण मान्य वाट नको म्हणून कॉपी करणारा ‘नवमार्गी’. मर्टन यांच्या भाषेत नवमार्ग म्हणजे कौतुक नव्हे. पास होण्याची आशा सोडूनही रोज तासाला बसून वह्या भरणारा कर्मकांडी. दोन्ही सोडून नाहीसा होणारा पलायनवादी. ही परीक्षाच नको, दुसरी पद्धत आणा म्हणणारा बंडखोर. यातला कर्मकांडी तुम्हाला कुठल्याही कार्यालयात हमखास भेटेल: अर्जाचा उद्देश त्याला आठवत नाही, पण अर्जाचा रंग चुकलेला चालत नाही.

सहावी पायरी: समूह आणि जाळं

हा भाग भरभर उरकता येतो. एकत्र उभी असलेली माणसं म्हणजे समूह नव्हे. लिफ्टमधले सहा जण हा नुसता जमाव. सगळे डावखुरे ही फक्त एक वर्गवारी. एकमेकांशी आंतरक्रिया, काही सामायिक अपेक्षा आणि ‘आपण’ असल्याची जाणीव आली की समूह होतो. वॉर्डाबाहेरच्या वऱ्हांड्यातले नातेवाईक पहिल्या रात्री जमाव होते. तिसऱ्या रात्री कोण कोणाची जागा राखणार, चार्जर कोणाचा, डॉक्टर आल्यावर कोण कोणाला उठवणार हे ठरून गेलं होतं.

चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये कुटुंब, मुलांचा खेळगट, शेजार अशा जवळच्या, समोरासमोरच्या समूहांना प्राथमिक समूह म्हटलं. कामापुरते संबंध असलेले ते दुय्यम, हे नाव नंतरच्यांनी रूढ केलं. गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये त्याहून खोडकर प्रश्न विचारला: नुसती संख्या बदलली तर काय होतं? दोघांच्या समूहातून एक गेला की समूहच संपतो. तिसरा आला की मध्यस्थी सुरू होते, भांडणाचा फायदा घेणं सुरू होतं, दोघांची एकाविरुद्ध युती होते. हिशोबही पाहा: दोघांत संबंध एक, तिघांत तीन, दहा जणांत पंचेचाळीस. समूह वाढला की वही-रजिस्टर आणि प्रमुख का लागतो, हे इथेच दिसतं.

आता कोऱ्या पानावर प्रत्येक स्थान एक ठिपका म्हणून काढा आणि प्रत्यक्ष बोलणाऱ्यांना रेषेने जोडा. अशी संबंधचित्रं याकोब मोरेनो यांनी १९३४ मध्ये लोकप्रिय केली. दोन वेगळ्या गटांना जोडणारा एकटा ठिपका शोधा. माझ्या पानावर ती सफाईवाल्या बाई होत्या. डॉक्टरांचा मूड, रिकामी होणारी खाट, खालच्या मजल्यावरची गडबड, सगळं त्यांना आधी कळे. ओळख मात्र सगळ्यांशी वरवरची. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निष्कर्ष असाच आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ही व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटायची? ‘वरचेवर’ म्हणणारे सुमारे १७ टक्के, ‘अधूनमधून’ ५६ आणि ‘क्वचित’ २८. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. नवी बातमी लांबचा माणूस आणतो.

सातवी पायरी: एक कागद धरून संस्थेपर्यंत जा

शेवटचा फसवा शब्द, आणि सर्वांत चिवट. आपण शिक्षण संस्था, गृहनिर्माण संस्था म्हणतो तेव्हा नोंदणी झालेली, सभासद आणि पत्ता असलेली संघटना डोळ्यापुढे येते. समाजशास्त्रात ती ‘मंडळ’ किंवा ‘समिती’. संस्था म्हणजे एखादी मूलभूत गरज भागवण्याच्या प्रस्थापित रीतींचा संच: कुटुंब, अर्थव्यवस्था, शिक्षण, धर्म, राज्य. मंडळाचे आपण सभासद होतो, संस्थेचे होत नाही. रुग्णालय हे मंडळ. वैद्यक ही संस्था. विवाह ही संस्था. विवाह जुळवणारं कार्यालय हे मंडळ.

संस्था पाहायच्या तर एका कागदाचा पाठलाग करा. घरी सोडताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यातला मजकूर वैद्यकाचा. त्याची प्रत नोकरीच्या ठिकाणी रजेसाठी आणि विमा कंपनीकडे पैशांसाठी जाते, म्हणजे अर्थव्यवस्था. त्यावरची नोंदणीकृत डॉक्टरची सही राज्याने मान्य केलेली आणि ती सही करण्याची पात्रता शिक्षणाने दिलेली. आणि ‘घरी विश्रांती’ हे दोन शब्द कोणीतरी घरी असेल, करेल असं गृहीत धरतात. ते कुटुंब. घरी करणारं कोणी नसलं की या दोन शब्दांपाशी सगळी साखळी तुटते. एका कागदावर पाच संस्था एकमेकींवर टेकलेल्या दिसतात, आणि एकीत बदल झाला की दुसरी का कुरकुरते हेही.

आठवी पायरी: कोण कोणाची वाट पाहतं, ते मोजा

उच्च-नीचतेचा मुद्दा आपण राखून ठेवला होता. स्तरीकरणावर थेट प्रश्न विचारू नका. लोक एक तर ‘इथे सगळे समान’ म्हणतील किंवा गाऱ्हाणी सांगतील. त्याऐवजी घड्याळ लावा. कोण कोणासाठी थांबतं आणि किती वेळ? माझ्या वॉर्डात पेशंट सिस्टरसाठी थांबे, सिस्टर निवासी डॉक्टरसाठी, तो मोठ्या डॉक्टरांसाठी. मोठे डॉक्टर कोणासाठीही थांबताना दिसले नाहीत. निदान आमच्या मजल्यावर. बॅरी श्वार्ट्झ यांनी १९७४ मध्ये वाट पाहणं आणि सत्ता यांचा असाच संबंध जोडला आहे.

मग उतरंड एकच आहे का तपासा. माक्स वेबर यांनी वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगवेगळ्या धरल्या, कारण त्या नेहमी एकत्र फिरत नाहीत. पैसा असलेल्याला मान असेलच असं नाही, मान असलेल्याचा हुकूम चालेलच असं नाही. तीन वेगळे रकाने करा आणि प्रत्येक स्थानाला तिन्हींत क्रम द्या. ही असमानता हवीच कशाला, यावर जुना वाद आहे. किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये म्हटलं की महत्त्वाच्या, अवघड जागी लायक माणसं यावीत म्हणून जास्त मोबदला लागतो. मेल्विन ट्युमिन यांनी १९५३ मध्ये उलट विचारलं: महत्त्व ठरवायचं कोणी, आणि वरच्यांच्या मुलांनाच संधी मिळत असेल तर लायकी शोधली जाते की अडवली जाते? माझा कल ट्युमिनकडे आहे. सफाईवाल्या बाई एक दिवस आल्या नाहीत तेव्हा वॉर्डाची जी अवस्था झाली, त्यानंतर तर जास्तच.

मांडणी करताना

वही भरली की एक धोका उभा राहतो. संरचना इतकी सगळीकडे दिसू लागते की माणसं दोरीवरच्या बाहुल्या वाटतात. अँथनी गिडन्स यांची १९८४ ची मांडणी इथे कामाला येते. संरचना वागण्याला चौकट घालते आणि त्याच वागण्यातून ती पुन्हा घडते. व्याकरणासारखंच. ते पाळूनच आपण बोलतो आणि आपण बोलत राहतो म्हणूनच ते टिकतं, बोलताबोलता बदलतंही. खुर्चीवरून तो माणूस उठला तेव्हा नियम पाळला गेला आणि आणखी थोडा पक्काही झाला. तो बसून राहिला असता, दुसऱ्या दिवशी आणखी एक जण बसला असता, तर? लेखनात अशा एका तरी ‘तर’ला जागा ठेवा.

लिहिताना घटकांच्या क्रमाने प्रकरणं पाडू नका. एक प्रसंग घ्या आणि त्यातच दर्जा, भूमिका, प्रमाणक, मूल्य उलगडा. खुर्चीचा अर्धा मिनिट दोन पानं सहज पुरतो. व्याख्या प्रसंगानंतर येऊ द्या. तीन-चार महिन्यांनी शक्य असेल तर त्याच जागी पुन्हा तासभर बसा आणि ‘नावं खोडलेली’ वाक्यं किती अजून खरी आहेत ते तपासा. जी खोटी ठरली ती वेगळ्या शाईने लिहा. आणि मसुदा पक्का झाला की पहिल्या दिवसाची, नावं असलेली पानं वहीतून काढून फाडून टाका.